एका टॅबच्या तीन पिढ्या

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरपुढे दोनच माणसं उभी राहतील एवढी जागा. गेल्या पावसाळ्यात आमचा आठ इंची टॅब घेऊन मी तिथे गेलो. डिस्प्ले एका कडेने फ्रेममधून वर उचलला गेला होता; फटीत नख सहज जात होतं. दुकानातल्या पोराने टॅब आडवा धरून डोळ्यांसमोर आणला, कडेवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "दादा, बॅटरी फुगलीया. आता चार्जिंगला अजिबात लावू नका." कामाला हात घालण्याआधी त्याने अट सांगितली. "डिस्प्ले गोंदानं चिकटवलेला असतोय. गरम करून उचलताना काच गेली तर मला बोलायचं नाही."

मी हो म्हणालो. त्याने हीट गन कडेकडेने फिरवली, प्लॅस्टिकचं पातळ पातं फटीत सरकवलं आणि बोटभर बोटभर गोंद सोडवत गेला. मधेच थांबायचा, कान द्यायचा, काच कुरकुरली की पुन्हा गरम करायचा. आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. तीही खाली चिकटवलेली. कडेने लिक्विड सोडून, हलक्या हाताने, तिला भोक पडणार नाही एवढं जपत त्याने ती सुटी केली. पाऊण तास गेला. काच वाचली. "ह्या मॉडेलची ओरिजिनल बॅटरी आता येत नाही, कंपॅटिबल टाकतो," असं तो म्हणाला, आणि तीही दोन दिवसांनी पुण्याहून आली.

आमच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेल माझे वडील, आबा, स्टुलावर उभं राहून स्वतः बदलतात. बॅटरी ही झिजणारी वस्तू आहे, चपलेच्या तळासारखी. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगला थोडी थोडी झिजते, उष्णतेने जास्त झिजते, आणि दिवसरात्र चार्जरला लावून ठेवली तर आणखी लवकर. हे टॅब बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. आणि माहीत असूनही ती झिजणारी वस्तू गोंद लावून काचेच्या मागे बंद केली जाते. पुढचा छोटा टॅब कसा असावा, ह्याबद्दलच्या माझ्या सगळ्या म्हणण्याची सुरुवात इथून होते.

हा टॅब आम्ही २०२० मध्ये घेतला. शाळा बंद होत्या, मुलगी पाचवीत होती. फोनवर तास करताना तिचे डोळे दुखायचे, आणि मलाही फोन कामासाठी लागायचा. त्या वर्षी आमच्या ओळखीतल्या कित्येक घरांनी ओढाताण करून असाच एक छोटा टॅब आणला. शाळा सुरू झाल्यावर तो माझ्याबरोबर उद्यमनगरात आला. तिथे आमचं लहानसं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. पूर्वी प्रत्येक जॉबच्या ड्रॉइंगची प्रिंट काढायचो आणि कूलंटने भिजून दोन दिवसांत तिचा लगदा व्हायचा. टॅबवर ड्रॉइंग उघडलं की ऑपरेटर दोन बोटांनी ते मोठं करतो, व्यास बघतो, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, बघतो आणि कामाला लागतो. दहा-अकरा इंची टॅब मशीनच्या पॅनेलशेजारी मावत नाही, फोनवर आकडे दिसत नाहीत. आठ इंच नेमके बसतात. दीड वर्षाने ड्रॉइंग उघडायला फार वेळ लागायला लागला म्हणून टॅब घरी आबांकडे गेला. आबा शहात्तर वर्षांचे आहेत. सकाळी पेपर, दुपारी कुस्तीचे व्हिडिओ, संध्याकाळी हरिपाठ. तिसऱ्या घरी टॅब सगळ्यात जास्त वापरला गेला.

कंपन्यांच्या भाषेत नवी पिढी म्हणजे नवा प्रोसेसर. आमच्या घरात एकाच टॅबने तीन पिढ्या पाहिल्या: नात, मुलगा, आजोबा. आजूबाजूला विचारलं तर हेच ऐकू येतं. थोरल्याची परीक्षा झाली की टॅब धाकट्याकडे, धाकट्याला फोन मिळाला की आजीकडे, नाहीतर गावी काकांकडे. फोन माणसाचा असतो, टॅब घराचा असतो. आणि तरीही छोटा टॅब बनवला जातो तो एका माणसासाठी, एका खात्यासाठी आणि दोन-तीन वर्षांसाठी. पुढच्या छोट्या टॅबकडून लोकांना काय हवंय, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर एवढंच आहे की तो तिसऱ्या हातातही धड चालला पाहिजे. बाकीच्या सगळ्या मागण्या ह्या एका मागणीतून निघतात.

छोट्या टॅबला धंद्यात कधीच मनापासून जागा मिळाली नाही. २०१० मध्ये सॅमसंगने सात इंची गॅलॅक्सी टॅब आणला तेव्हा स्टीव्ह जॉब्सनी, एवढ्या पडद्यासाठी लोकांना सँडपेपरने बोटं घासून बारीक करावी लागतील, असं म्हणून तो आकारच मोडीत काढला होता. दोनच वर्षांनी, २०१२ मध्ये, ॲपलनेच ७.९ इंची आयपॅड मिनी काढला. त्याच वर्षी गुगलने असूसकडून बनवून घेतलेला सात इंची नेक्सस ७ अमेरिकेत १९९ डॉलरला आला आणि लोकांनी तो उचलून धरला. लोकांना हा आकार हवा होता हे तेव्हाच कळलं होतं. पुढे फोनच साडेसहा इंचांच्या पुढे गेले आणि कंपन्यांनी ठरवून टाकलं की मधल्या आकाराचं काम संपलं. आयपॅड मिनीच्या तारखा बघा. २०१२ ते २०१५ दरवर्षी नवा, मग थेट २०१९, मग २०२१, मग २०२४. अँड्रॉइडच्या बाजूला छोटा टॅब उरला तो मुख्यतः स्वस्तातला माल म्हणून: जुना प्रोसेसर, कमी मेमरी, साधा पडदा. ज्याला छोटा हवा त्याला हलक्या दर्जाचाच हवा असणार, असं गृहीत धरलेलं.

मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. साडेसहा इंची फोन लांबट असतो, रुंद नसतो. त्यावर ओळ चार-पाच शब्दांत तुटते. ८.७ इंची टॅबचा पडदा साधारण साडेसात इंच उंच आणि साडेचार इंच रुंद भरतो. आपल्याकडे क्राउन आकाराचं पुस्तक साडेसात बाय पाच इंचांचं असतं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचक जे पुस्तक एका हातात धरून, गादीवर कुशीवर झोपून, एसटीच्या खिडकीशी बसून वाचत आला, त्याच्याच मापाचा हा पडदा आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून ह्या गावाला वाचायला देतंय. ह्या गावात वाचनाला योग्य असलेल्या मापाची वस्तू अडगळीत जावी, हे मला पटत नाही.

माप बरोबर असलं तरी पडद्यावरची अक्षरं बघा. नेक्सस ७ ची दुसरी आवृत्ती २०१३ ची. तिचा पडदा १९२० बाय १२०० ठिपक्यांचा होता, म्हणजे इंचाला ३२३ ठिपके. दहा वर्षांनी, २०२३ मध्ये, सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ आपल्याकडे सुमारे तेरा हजारांना आला, त्याचा ८.७ इंची पडदा १३४० बाय ८०० ठिपक्यांचा, म्हणजे इंचाला १७९ च्या आसपास. त्याचा प्रोसेसर जुन्या नेक्ससच्या कितीतरी पुढचा आहे, पण अक्षर मात्र जाडंभरडं. इंग्रजी अक्षरं एवढ्या ठिपक्यांत निभावतात. देवनागरीचं तसं नाही. आपल्या अक्षराला शिरोरेघेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतो, खाली उकार, रुकार असतात, आणि मधे 'राष्ट्र', 'सूक्ष्म', 'बुद्धी' यांसारखी जोडाक्षरं. हे सगळं थोड्या ठिपक्यांत कोंबलं की अनुस्वार वेलांटीला चिकटतो आणि 'द्ध'चा काळा ठिपका होतो. आबा टॅब डोळ्यांजवळ नेतात, मग लांब धरतात, मग चष्मा पुसतात. दोष चष्म्याचा नसतो.

बरं, अक्षर मोठं करावं तर निराळीच अडचण. सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवला की बटणावरचे मराठी शब्द अर्ध्यात तुटतात. ओळीची उंची इंग्रजीच्या हिशेबाने ठरवलेली असते, त्यामुळे वरची वेलांटी छाटली जाते किंवा खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो. अँड्रॉइडमध्ये मराठी ही टॅबची भाषा म्हणून निवडण्याची सोय २०१४ च्या लॉलिपॉप आवृत्तीत आली. तेव्हापासून एवढी वर्षं गेली, पण मोठ्या अक्षरातलं मराठी टॅबवर कसं दिसतं, हे माल बाजारात आणण्याआधी कुणी बसून पाहिलं असेल असं वाटत नाही.

इथे एक छोटी गोष्ट सांगतो, कारण ती मला फार लागते. गगनबावड्याच्या दऱ्या आणि समुद्र ह्या अर्थाचा दर्या, हे दोन वेगळे शब्द आहेत. लिहिताना फरक फक्त 'र'च्या रूपाचा. मुलगी शाळेत असताना टॅबवर निबंध टाइप करायची. कीबोर्डवर आडव्या 'र'चं अक्षर कुठे दडलंय ते सापडायचं नाही, म्हणून ती साधा 'र' पाय मोडून लिहायची आणि सह्याद्रीत दर्या उगवायचा. 'दुसऱ्या', 'भाकऱ्या', 'पायऱ्या', सगळीकडे तेच. बाईंनी वहीत लाल खूण केली असती. टॅबवर खूण करायला कुणी नव्हतं. तसंच 'श' आणि 'ल'चं. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' ही मराठीची रूपं ठरवून दिली. आमच्या मुलांना पडद्यावर मात्र बहुतेक वेळा हिंदीची रूपं दिसतात. फॉन्टमध्ये मराठी रूपं ठेवण्याची सोय तंत्रात आहे, काही फॉन्टमध्ये ती ठेवलेलीही आहेत. फक्त टॅबला 'हा मजकूर मराठी आहे' हे सांगावं लागतं, आणि ते सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आनंद झालाच. त्या आनंदात माझी एक मागणी होती: 'दऱ्या' लिहिता यावं.

आता काही गोष्टी भराभर सांगतो, कारण त्या समजायला अवघड नाहीत. माझ्या मामांच्या गावी दूध डेअरीत पहाटे फॅट लावणाऱ्या माणसाचे हात कायम ओले असतात. ओल्या बोटाला भलतीकडेच हात लावल्यासारखा प्रतिसाद देणारा टच तिथे निरुपयोगी. आमच्या ऑपरेटरच्या कूलंटच्या बोटांचंही तेच. ऊसाच्या फडात दुपारी बाराला पडदा दिसला पाहिजे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आहे. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, जागेच्या नोंदीसकट. त्यासाठी टॅबमध्ये जीपीएस लागतं, आणि केवळ वायफायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये तर ते नसतंच. सिमचंही असंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गावात शिरलं, हायवे बंद पडला, कित्येक भागांत वीज नव्हती. घरातलं वायफाय विजेबरोबर गेलं. चार्ज असलेला, सिम असलेला टॅब ज्या घरात होता, त्या घरात पाण्याची पातळी कळत होती. सिमचा खाचा ही चैन नाही.

एकाच टॅबवर घरातल्या तिघांना आपापली जागा असावी, ही मागणी मला फार महत्त्वाची वाटते. अँड्रॉइडमध्ये टॅबसाठी अनेक वापरकर्त्यांची सोय २०१२ च्या ४.२ आवृत्तीपासून आहे. तरी काही कंपन्या स्वस्त मॉडेलमध्ये ती काढून टाकतात. आयपॅडवर घरगुती वापरासाठी तशी सोय नाहीच. शाळा-संस्थांनी व्यवस्थापनातून वापरायची सोय तेवढी आहे. परिणाम काय होतो तो आमच्या घरात रोज दिसतो. टॅबवर खातं माझं. आबा हरिपाठ ऐकत असतात आणि मधेच माझ्या गिऱ्हाइकाचा मेसेज वरून घसरतो: 'रिजेक्शन किती झालं?' आबा घाबरून मला फोन करतात. मुलीने पाहिलेल्या व्हिडिओंमुळे आबांना तसलेच व्हिडिओ सुचवले जातात. आबांच्या हातून चुकून एकदा माझा एक मेल पुसला गेला, त्याचं त्यांना आठवडाभर वाईट वाटत राहिलं. एका ताटात तिघांनी जेवावं इतपत आमचं घर एकजीव आहे, पण मेल आणि हरिपाठ वेगळे असावेत.

आणि जागा. ३२ जीबीचा टॅब तीन वर्षांत भरतो, कारण ॲप फुगतात आणि सिस्टीमही फुगते. आमच्या टॅबला कार्ड घालायची खाच होती म्हणूनच तो तिसऱ्या घरापर्यंत पोचला. महागड्या मॉडेलांमध्ये ही खाच दिसेनाशी होते आहे. त्याऐवजी ढगात, म्हणजे क्लाउडवर, जागा विकत घ्या म्हणतात, दरमहा. आबांच्या पेन्शनमधून दरमहा?

ह्यापेक्षा जास्त माल तीन वर्षांत अपडेट थांबल्यामुळे मरतो. बॅटरी चांगली, काच चांगली, टच चांगला, पण आवृत्ती जुनी; म्हणून बँकेचं ॲप उघडत नाही. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ फोनला सात वर्षांचे अपडेट देऊ केले, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलॅक्सी एस २४ फोनला तेच दिलं. म्हणजे सात वर्षं अपडेट देणं शक्य आहे, हे कंपन्यांनी स्वतःच मान्य केलं आहे. मग ती सवलत आधी महागड्या फोनलाच का? जो माणूस दर दोन वर्षांनी फोन बदलतो त्याला सात वर्षांचं आश्वासन, आणि ज्याच्या घरात टॅब सात वर्षं खरोखर फिरणार आहे त्याला बराच काळ काहीच ठोस नव्हतं. हा हिशेब उलटा आहे.

बॅटरीबद्दल कंपन्यांचं उत्तर ठरलेलं असतं: बदलता येईल अशी बॅटरी ठेवली तर टॅब जाड होतो आणि पाणी आत जातं. जाडीबद्दल मी भांडत नाही. दोन मिलिमीटरने आमच्या घरात कुणाचं काही अडलेलं नाही. पाण्याचं मात्र खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे सॅमसंगच्याच मालावरून दिसतं. त्यांचा गॅलॅक्सी टॅब ॲक्टिव्ह ५ हा २०२४ चा आठ इंची टॅब घ्या. मागचं झाकण उघडून बॅटरी हाताने काढता येते, पाणी-धुळीसाठी आयपी ६८ दर्जा आहे, हातमोजे घालूनही टच चालतो. कारखान्यांसाठी, गोदामांसाठी तो बनवला आहे आणि किंमतही तशीच आहे. म्हणजे विद्या आहे, घरगुती गिऱ्हाइकासाठी ती वापरायची नाही असं ठरवलेलं आहे.

युरोपने वाट पाहिली नाही. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅबला नियम लागू झाले. बॅटरी ८०० वेळा पूर्ण चार्ज होऊनही तिची किमान ८० टक्के ताकद शिल्लक हवी. त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग मिळायला हवेत. मोठ्या कंपन्या हे नियम पाळून तिथे माल विकतायत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी पोर्टलही सुरू केलं. वस्तू किती सहज दुरुस्त होते याचा निर्देशांक कसा असावा, त्याचा अहवाल २०२५ मध्ये सरकारकडे आला. पाऊल योग्य दिशेने पडलंय. पण राजारामपुरीतल्या त्या पोराच्या काउंटरवर अजून काही बदललेलं नाही. त्याच्याकडे ना कंपनीचा सुटा भाग येतो, ना दुरुस्तीचा नकाशा. तो शिकलाय ते मोडून मोडून शिकलाय. उद्यमनगरात ऑइल इंजिन उघडून शिकलेल्या माणसांनी कारखाने उभे केले. ह्या गावाला दुरुस्तीची अक्कल नवी नाही. तिला सुटा भाग मिळू द्या.

आता किमतीचा मुद्दा. तो टाळून चालणार नाही, कारण आपल्याकडचं गिऱ्हाईक पहिल्यांदा किंमतच विचारतं, आणि त्यात काही चूक नाही. आज छोट्या टॅबच्या बाजारात एका टोकाला दहा-तेरा हजारांचा माल आहे आणि दुसऱ्या टोकाला ऑक्टोबर २०२४ मध्ये ४९,९०० रुपयांपासून सुरू झालेला आयपॅड मिनी. मधे फारसं काही नाही. लोकांना स्वस्तच हवंय, असं म्हणणाऱ्यांना मी साधं गणित सांगतो. तेरा हजारांचा टॅब तीन वर्षांत बाद झाला तर वर्षाला सव्वाचार हजारांहून जास्त पडले. वीस हजारांचा टॅब सात वर्षं चालला, मधे एकदा दीड हजारांची बॅटरी घातली, तरी वर्षाला तीन हजारांच्या थोडेच वर. घरात दूध, रेशन, शाळेची फी यांचा हिशेब रोज करणाऱ्या बायका हे गणित कंपन्यांपेक्षा लवकर करतात. त्यांना फक्त सात वर्षांची लेखी हमी दुकानात सहसा कुणी देत नाही, म्हणून त्या स्वस्तातला घेतात.

आणि निव्वळ स्वस्ताचा प्रयोग आपण करून पाहिलाय. ५ ऑक्टोबर २०११ ला केंद्र सरकारने आकाश टॅब आणला. सात इंची, २५६ एमबी रॅम, ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, आणि बोटाने जोरात दाबल्याशिवाय हलत नसे असा जुन्या पद्धतीचा टच. हेतू फार चांगला होता. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात टॅब, हे स्वप्न आजही मला पटतं. पण किंमत आधी ठरवून वस्तू नंतर बनवली की काय होतं ते सगळ्या देशाने पाहिलं. पुढच्या वर्षीच्या आकाश २ मध्ये टच आणि मेमरी सुधारली, तोवर लोकांचा विश्वास उडाला होता.

तोच धडा २०२१ मध्ये अंगणवाडी सेविकांनी पुन्हा शिकवला. सरकारने दिलेले फोन गरम होतात, त्यात जागा पुरत नाही, ॲप मराठीत नाही, म्हणून त्या वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन परत केले. बायकांनी सरकारला वस्तू परत करणं ही साधी गोष्ट नाही. रोज ढीगभर नोंदी भरायच्या, वजनं टाकायची, आणि वस्तूच साथ देत नाही. त्यांना नवा कॅमेरा नको होता. काम करताना अडवणार नाही असं साधन हवं होतं.

म्हणूनच मला वाटतं की ह्या प्रश्नात पहिली चाल सरकारला करता येते. महाज्योती ही राज्य सरकारची ओबीसी आणि भटक्या-विमुक्त समाजांसाठीची संस्था जेईई, नीटसारख्या प्रवेश परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब देते, रोजचा डेटाही देते. ही फार मोलाची योजना आहे. गावाकडच्या पोरीपोरांना तिने शहरातल्या क्लासच्या बरोबरीला आणून बसवलं. आता निविदेत चार अटी वाढवायच्या: बॅटरी साध्या पेचकसाने बदलता यावी, सुटे भाग सात वर्षं मिळावेत, अपडेट तितकीच वर्षं मिळावेत, आणि मोठ्या अक्षरातलं मराठी न तुटता दिसावं. सरकार एकगठ्ठा घेतं, तेव्हा कंपनी ऐकते. सरकारसाठी बनवलेलं मॉडेल मग दुकानातही येतं. परीक्षा संपल्यावर तो टॅब धाकट्या बहिणीकडे जाणारच आहे. सरकारने दिलेल्या एका टॅबने दोन मुलं शिकली तर त्यात सरकारचाच फायदा.

एआयबद्दल एवढंच म्हणतो. नव्या टॅबच्या जाहिरातीत आता दुसरं काही नसतं. आवाजावरून मराठी लिहिण्याची सोय गुगलने २०१७ मध्ये दिली. आबा तीच वापरून माझ्या आत्याला मेसेज पाठवतात आणि त्यांच्या कोल्हापुरी बोलीतलंही बरंचसं बरोबर उमटतं. मराठीला पोचणारी सोय असेल तर जरूर द्या. पण आयपॅड मिनी २०२४ मध्ये ज्या बुद्धिमत्तेच्या नावावर विकायला काढला, ती सुरुवातीला फक्त अमेरिकी इंग्रजीत होती. त्या बुद्धिमत्तेसाठी आबांनी पन्नास हजार का द्यावेत, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

आमच्या टॅबला नवी बॅटरी बसली तेव्हा त्या पोराने फ्रेमला चारी बाजूंनी गोंदाची बारीक रेघ ओढली, डिस्प्ले दाबून बसवला, वरून रबरबँड गुंडाळले आणि रात्रभर तसाच ठेवा म्हणाला. सकाळी आबांनी रबरबँड एकेक करून काढले आणि कपाटातल्या डबीत ठेवले. टॅब चालतोय. बँकेचं ॲप चालत नाही, बाकी चालतंय. पण हा आता फार वर्षं जाणार नाही, हे आम्हाला कळतं. म्हणून दसऱ्याच्या आधी मी महाद्वार रोडवरच्या एका दुकानात नवा छोटा टॅब बघायला गेलो. विक्रेत्याने तीन मॉडेल काढून ठेवली, कॅमेरा दाखवला, आवाज दाखवला. मी विचारलं, बॅटरी गेली की कोल्हापुरात बदलून मिळेल का आणि किती वर्षं मिळेल, अपडेट कोणत्या सालापर्यंत येतील हे बिलावर लिहून द्याल का, आणि अक्षर सगळ्यात मोठं करून मराठी दाखवाल का. तिसरं त्याने लगेच करून पाहिलं. 'सेटिंग्ज'चा 'सेटिं' झाला आणि पुढे तीन टिंबं आली. तो स्वतःच थोडा वेळ बघत राहिला. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा येतो, त्याला विचारतो म्हणाला, आणि बिलबुकाच्या मागच्या पानावर दोन्ही प्रश्न लिहून घेतले. माझा नंबरही घेतला. अजून फोन आलेला नाही. येत्या सोमवारी मी पुन्हा जाणार आहे, आबांना बरोबर घेऊन.